मॉर्फिनच्या गोळीनं गाठ वाढते का? घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल अशी औषधं चालू असलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी हे लिहिलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, पण माझा बराचसा वेळ दुखणं कमी करण्याच्या ओपीडीत जातो. कोल्हापूर शहरातून, कागल-भुदरगड-गडहिंग्लजकडून येणारी माणसं जे विचारतात तेच इथं घेतलंय, जमेल तिथं त्यांच्याच शब्दांत. यावरून घरच्या घरी डोस कमी-जास्त करू नका. डोस पेशंटला बघूनच ठरतो.

"ह्या गोळीनं कॅन्सर पसरतोय म्हणं. खरं हाय काय ओ?"

माणसांमध्ये तसं सिद्ध झालेलं नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेल्या काही प्रयोगांत मात्र मॉर्फिननं गाठ वाढल्याचं दिसलंय. म्हणजे 'मॉर्फिननं कॅन्सर पसरतो' असा व्हॉट्सअपवर फिरणारा मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही. त्यात अर्धी गोष्ट आहे, आणि तेवढ्यावरच लोक गोळी बंद करतात. म्हणून पुढची अर्धी सविस्तर सांगतो.

मग ही गोष्ट निघाली कुठून?

२००२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांमध्ये रुजवून त्यांना मॉर्फिन दिलं. मॉर्फिन मिळालेल्या उंदरांच्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या जास्त फुटल्या आणि गाठीही जास्त वाढल्या. डोस अवाच्या सवा नव्हता, माणसाला औषध म्हणून देतात त्या प्रमाणातच धरलेला होता. त्यामुळं भूलतज्ज्ञांच्या जगात या प्रयोगाची बरीच चर्चा झाली.

दुसरा धागा शिकागोचा. तिथले डॉक्टर मेथिलनालट्रेक्सोन नावाच्या औषधावर काम करत होते. मॉर्फिननं होणारी बद्धकोष्ठता कमी करण्यासाठीचं हे औषध. ते मेंदूत सहसा शिरत नाही, त्यामुळं दुखणं कमी करण्याचं मॉर्फिनचं काम चालू राहतं आणि आतड्यावरचा परिणाम तेवढा अडवला जातो. शेवटच्या टप्प्यातल्या काही पेशंटना ते दिल्यावर ते अपेक्षेपेक्षा जास्त जगले असं या डॉक्टरांच्या लक्षात आलं. साध्या संडासच्या औषधानं असं का व्हावं, म्हणून त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की, मॉर्फिन ज्या रिसेप्टरला चिकटतं तो 'म्यू' रिसेप्टर जन्मतःच नसलेल्या उंदरांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरची गाठ नीट धरतच नाही.

शरीरात नेमकं काय होत असेल?

म्यू रिसेप्टर म्हणजे मॉर्फिनला बसायची जागा. मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत ती असते, म्हणून दुखणं कमी होतं. आतड्यात असते, म्हणून संडास अडकते. काही कॅन्सरच्या पेशींवर, विशेषतः फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये, हे रिसेप्टर नेहमीपेक्षा जास्त सापडलेत. तिथं मॉर्फिन बसलं की पेशीला वाढीचे आणि पसरण्याचे इशारे मिळू शकतात, शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटू शकतात. शिवाय आपल्या रक्तात 'नॅचरल किलर' नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्या भटक्या कॅन्सर पेशी मारतात. त्यांचं काम मॉर्फिननं मंदावतं असं काही प्रयोगांत दिसलंय.

हे सगळं 'होऊ शकतं' या सदरातलं आहे, हे मात्र सोडू नका.

मी उलटं ऐकलंय. ही औषधं कॅन्सर मारतात म्हणे?

तेही प्रयोगशाळेत दिसलंय. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर मॉर्फिनचं प्रमाण खूप वाढवलं की त्याच पेशी मरायला लागतात. इतकं मॉर्फिन माणसाच्या रक्तात आणायचं म्हटलं तर आधी माणूस जाईल.

मेथाडोन हे याच जातीचं औषध. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या प्रयोगशाळेनं ते रक्ताच्या आणि मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी मारायला मदत करतं असं दाखवलं होतं. २०१७ मध्ये ही बातमी तिथल्या टीव्हीवर झळकली आणि पेशंटच्या रांगा लागल्या, "केमोबरोबर आम्हाला मेथाडोन द्या". तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांना पुढं येऊन सांगावं लागलं की माणसांमध्ये याचा पुरावा नाही, असं वापरू नका.

बशीतल्या पेशींवरून औषधाची भीती घालता येते, तशीच औषधाची आशाही विकता येते. कोण काय घेऊन येतो, त्यावर आहे.

पण उंदराला झालं ते माणसाला का होणार नाही?

होणारच नाही असं मी म्हणत नाही. तीन फरक तेवढे लक्षात घ्या. ज्या उंदरात माणसाची गाठ रुजवतात, त्याची प्रतिकारशक्ती मुळातच अपुरी असते, नाहीतर गाठ धरणारच नाही. त्याची गाठ काही आठवड्यांत वाढते, आपली बरेचदा वर्षानुवर्षं. आणि अशा प्रयोगांत बहुतेक वेळा उंदराला दुखत असतं म्हणून मॉर्फिन दिलेलं नसतं. तुमच्या आण्णांना ते दुखतंय म्हणून दिलंय. हा तिसरा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, का ते पुढं येईलच.

"आमच्या गल्लीत ज्यांना ज्यांना ही गोळी दिली, ते लवकर गेले. डोळ्यांनी बघितलंय."

बघितलं असणार. पंचगंगेला पूर आला की चिखली-आंबेवाडीत बोटी फिरताना दिसतात, म्हणून पूर बोटींनी आणला असं कुणी म्हणत नाही. ज्याची गाठ हाडात शिरलीय, मज्जातंतूवर दाबतेय, त्याला जास्त दुखतं आणि त्यालाच जास्त मॉर्फिन लागतं. तो लवकर जातो तो गाठीमुळं.

संशोधनातही हाच घोळ होतो. जुन्या फाइली काढून 'जास्त मॉर्फिन घेणारे' आणि 'कमी घेणारे' अशी तुलना केली की जास्त घेणारे कमी जगलेले दिसतात. हल्ली इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांच्या, पेशंटबद्दलही असे लेख येतात. ते वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: दोन्ही गटांचा आजार सारखाच होता का?

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आजाराची आणि औषधाची सरकारी नोंद असते. तिथं स्तनाच्या कॅन्सरच्या ३४ हजारांवर महिलांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ही औषधं घेतलेल्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. मला विचाराल तर एका उंदराच्या प्रयोगापेक्षा या नोंदींचं वजन कितीतरी जास्त आहे.

बायकोचं स्तनाचं ऑपरेशन ठरलंय. मॉर्फिनजातीची औषधं टाळून भूल द्या असं सांगू का?

हा माझ्या मूळ धंद्यातला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

ऑपरेशनच्या वेळी काही कॅन्सर पेशी रक्तात सुटतात. त्याच वेळी शरीरावर ताण असतो, प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते आणि भुलेत मॉर्फिनजातीची औषधंही दिली जातात. मग पाठीत मणक्याशेजारी इंजेक्शन देऊन छातीचा भाग बधिर केला आणि ही औषधं कमी लागली, तर कॅन्सर परत येणं कमी होईल का? २००६ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी १२९ पेशंटच्या जुन्या फाइली तपासल्या. मणक्याशेजारी इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण बरंच कमी दिसलं. आमच्या परिषदांमध्ये तेव्हा दुसरा विषय नसायचा.

पण जुन्या फाइलींवर विसंबून चालत नाही, म्हणून मोठी चाचणी घेतली गेली. १३ रुग्णालयं, २१०० च्या आसपास महिला. कुणाला कुठली भूल द्यायची हे डॉक्टरांनी न ठरवता चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेलं, म्हणजे दोन्ही गट सारखे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: दोन्ही गटांत कॅन्सर परत आला तो साधारण १० टक्के महिलांमध्ये. फरक शून्याच्या जवळ.

तेव्हा भूल कुठली हे तुमच्या भूलतज्ज्ञाला ठरवू द्या. मणक्याशेजारच्या इंजेक्शनचे इतर फायदे आहेत, मळमळ कमी, ऑपरेशननंतर दुखणं कमी, आणि त्यासाठी मीही ते आवडीनं देतो. पण 'कॅन्सर परत येऊ नये म्हणून' ते मागायची गरज नाही.

दुखणं सहन केलं तर निदान गाठ तरी वाढणार नाही ना?

इथं गणित उलटं पडण्याची शक्यता आहे. १९९० च्या दशकात उंदरांवर एक प्रयोगमालिका झाली. पोट उघडून ऑपरेशन केलेल्या उंदरांच्या फुफ्फुसात कॅन्सर पेशी जास्त रुजल्या. तशाच ऑपरेशनबरोबर ज्यांना मॉर्फिन दिलं, त्यांच्यात हे रुजणं कमी झालं. दुखण्याचा ताण स्वतःच प्रतिकारशक्ती खाली ओढतो आणि तो उतरवला की शरीराला बळ मिळतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. मॉर्फिनच्या विरोधात उंदीर साक्षीला आणायचे असतील, तर हेही उंदीर बोलवावे लागतील.

आता माणसांचं. बॉस्टनमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं, धाप, झोप, मन या सगळ्याची काळजी घेणारी टीम. पहिले सरासरी ८.९ महिने जगले, दुसरे ११.६ महिने. ही काही मॉर्फिनची चाचणी नव्हती. पण त्रास कमी करणारे उपचार घेतले की आयुष्य घटतं, ही समजूत त्यात टिकली नाही.

आणि ओपीडीतलं सांगतो. भुदरगड तालुक्यातले एक शेतकरी, जबड्याचा कॅन्सर. वयस्कर माणसांना 'दहापैकी किती दुखतं' विचारलं की ती गोंधळतात, म्हणून मी आण्यात विचारतो. "रुपयात किती?" ते म्हणाले, "रुपया पुरंना." मुलानं मेसेज वाचून गोळी अर्धी केली होती, त्यातही रात्रीची देतच नव्हता. उरलेल्या अर्धुकांची पुडी त्यानं खिशातून काढून दाखवली, बापाला वाचवतोय या समाधानानं. आण्णा रात्रभर खांबाला टेकून बसून काढायचे. पेजसुद्धा गिळवत नव्हती, आणि वजन इतकं उतरलं होतं की पुढची केमो थांबवावी लागली होती. डोस पुन्हा नीट बसवला. पुढच्या खेपेला "चार आणे राह्यलंय" म्हणाले आणि पहिली तक्रार केली ती जेवणात मीठ कमी असतं म्हणून. खाणं सुरू झालं, केमोही सुरू झाली.

गोळी तोडल्यानं गाठीचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते उपचारांचं.

अफूनं कॅन्सर होतो असं पेपरात आलं होतं. मॉर्फिन अफूचंच ना?

बातमी खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०२० मध्ये अफूचं सेवन 'माणसात कॅन्सर करणारं' या पहिल्या गटात टाकलं. स्वरयंत्र, फुफ्फुस आणि मूत्राशयाचा कॅन्सर. पुरावा मुख्यतः इराणमधला, जिथं लोक वर्षानुवर्षं कच्ची अफू किंवा चिलमीतली जळकी खरड ओढतात नाहीतर खातात. त्या अफूत नाना द्रव्यं असतात, ओढताना धूर असतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं शुद्ध मॉर्फिन त्या यादीत नाही.

मॉर्फिननं नवा कॅन्सर सुरू होतो का, हेही मिनेसोटाच्याच गटानं नंतर आपोआप स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या उंदरांवर तपासलं. गाठ सुरू होण्यावर मॉर्फिनचा परिणाम दिसला नाही, आधीच झालेली गाठ वाढण्यावर मात्र दिसला. आपल्याकडं जबड्याच्या-जिभेच्या कॅन्सरला काय कारणीभूत असतं ते सगळ्यांना माहीत आहे. मिश्री आणि मावा चालू ठेवून मॉर्फिनची भीती बाळगणारे पाहुणे मी रोज बघतो.

मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट आला का?

नाही. काहीजण महिनोन् महिने घेतात, काहींचं शेक (रेडिएशन) देऊन दुखणं कमी झाल्यावर बंदही होतं.

सवय लागेल ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे घेतल्यावर शरीराला औषध ओळखीचं होतं. एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, बेचैनी होते, म्हणून टप्प्याटप्प्यानं उतरवायचं. व्यसन म्हणजे त्रास नसताना नशेसाठी औषधामागं लागणं. वेळेवर, लिहून दिल्याप्रमाणं गोळी घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते क्वचितच दिसतं. घरात दारूचं किंवा दुसरं व्यसन असलेलं कुणी असेल तर मात्र आम्हाला आधीच सांगा, लाजू नका. गोळ्या कुलपात ठेवाव्या लागतात.

ट्रॅमाडॉल हलकं म्हणून तेच घेत राहिलेलं बरं का?

हलकं दुखणं असेल तर ठीक. पण ट्रॅमाडॉलला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, त्यापुढं झटके येण्याचा धोका. त्यानं भागत नसताना 'मॉर्फिन नको' म्हणून जास्त गोळ्या गिळणं हे मॉर्फिनपेक्षा घातक. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय मागू नका.

कॅन्सर बरा झालाय, पण ऑपरेशनच्या जागी दुखतंच. तरी हीच औषधं चालू ठेवू का?

इथं मी स्वतः हात राखून वागतो. ज्याच्यापुढं अनेक वर्षं आहेत, त्याला विनाकारण वर्षानुवर्षं मॉर्फिन देऊ नये. कॅन्सर परत येईल ही भीती त्यामागं नाही. हार्मोन कमी होणं, सुस्ती, डोस चढत जाणं ही कारणं पुरेशी आहेत. मज्जातंतूंच्या दुखण्यावर दुसऱ्या गोळ्या आहेत, नस बधिर करायची इंजेक्शनं आहेत, व्यायाम आहे. उंदरांच्या प्रयोगांतून काही घ्यायचंच असेल, तर ते हेच: लागेल तेवढंच, लागेल तेवढे दिवस.

गोळी सुरू केल्यापासून संडासला होत नाही.

होणारच. मळमळ आणि गुंगी सहसा आठवड्याभरात जाते, बद्धकोष्ठता जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध रोज घ्यायचं, अडकल्यावर नव्हे. इसबगोल मात्र नको. पाणी कमी पिणाऱ्या आजारी माणसाच्या आतड्यात तो आणखी घट्ट बसतो. तोंडानं जेवण जात असेल तर पपई, ताक, पातळ भाजी. पांढरा रस्सा पचत असेल आणि तोंड आलेलं नसेल तर वाटीभर खुशाल द्या, तांबडा राहू दे.

डोस चुकून जास्त झाला तर कसं ओळखायचं?

हाक मारल्यावर जागा होत नाही, श्वास फार मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लगेच दवाखान्यात न्या. नालोक्सोन हे त्यावरचं उताऱ्याचं इंजेक्शन असतं. मॉर्फिनबरोबर दारू किंवा स्वतःच्या मनानं झोपेची गोळी हे सगळ्यात धोक्याचं. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन शरीरात साठतं. तिथं आम्ही बहुधा फेंटानिलकडं वळतो.

फेंटानिलचा पॅच लावलाय. काही पथ्य?

तीन दिवसांनी बदलायचा, जागा बदलून लावायचा, कापायचा नाही. त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक अजिबात नको, उष्णतेनं औषध एकदम अंगात जातं. जोराचा ताप आला तरी फोन करा.

राजारामपुरी-शाहूपुरी सगळी दुकानं पालथी घातली. गोळी मिळत का नाही?

१९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की परवान्यांच्या जंजाळापायी बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. आणि हे घडलं अशा देशात, जिथं मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि ती परदेशी औषध कंपन्यांना जाते. पीक आपलं, आराम दुसऱ्याला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि रुग्णालयाला मान्यता द्यायचं काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडं आलं.

तरी साध्या दुकानात मॉर्फिन सहसा मिळत नाही. मान्यता असलेल्या रुग्णालयातूनच ते घ्यायचं. येताना फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट आणि ओळखपत्र आणा. पेशंटला एसटीत घालून आणायलाच हवं असं नाही, पण पहिल्या खेपेला मी त्यांना बघितल्याशिवाय डोस ठरवत नाही. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघा. शनिवारी संध्याकाळी शेवटची पट्टी संपली, असे फोन दर महिन्याला येतात.

पेशंट गेले. उरलेल्या गोळ्या गल्लीत एकांना दुखतं, त्यांना देऊ का?

नाही, कितीही कळवळा असला तरी. ज्यानं कधी मॉर्फिन घेतलेलं नाही त्याला तुमच्या आण्णांचा डोस जिवावर बेतू शकतो, आणि कायद्यानंही तो गुन्हा आहे. जिथून गोळ्या घेतल्या तिथं परत आणून द्या. आमच्या रजिस्टरात किती दिल्या याची नोंद असते. परत आलेल्या मोजून सही घेतली जाते, दहा मिनिटांचं काम आहे. वापरलेला पॅच चिकट बाजू आत येईल असा दुमडून तोही घेऊन या, घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि त्या गल्लीतल्या माणसाला आमच्याकडं पाठवा, केसपेपर त्यांच्या नावाचा काढू.